सिकलसेलचं कार्ड मिळालं, डोक्याची तपासणी कधी? मा. आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
स.न.वि.वि.

मी पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली ते चौथीचे वर्ग, दोन शिक्षक, शाळेमागे बोडी, म्हणजे लहान तळं, आणि बोडीपलीकडे जंगल. माझ्या टेबलाच्या खणात तिसरीतल्या एका मुलीच्या शुद्धलेखनाच्या दोन वह्या ठेवलेल्या आहेत. त्या वह्यांमुळेच हे पत्र लिहायला बसले.

पहिली वही रोवणीच्या दिवसांतली, म्हणजे जुलैची. अक्षर गोल, टपोरं. शिरोरेघ अशी की पट्टी ठेवून ओढल्यासारखी. दुसरी वही दिवाळीच्या सुट्टीनंतरची. तिच्यात शब्द ओळीखाली घसरलेले आहेत. काना राहून गेलाय, वेलांटी भलत्याच अक्षरावर बसलीय, शिरोरेघ निम्म्यात सुटलीय. एका पानावर ‘पाऊस’ हा शब्द तीनदा आलाय आणि तिन्ही वेळा वेगळा. त्या पानाखाली लाल पेनाने लिहिलेला शेरा माझा आहे : ‘अक्षर सुधार. लक्ष कुठे असते?’

शेरा लिहून मी थांबले नाही. त्या महिन्यात तिला दोनदा वर्गात उभं केलं. हातच्याची वजाबाकी तिला जुलैत येत होती, ती डिसेंबरात येईना. मला वाटलं, दिवाळीत मामाच्या गावाला जाऊन पोरगी आळशी झाली.

तिला सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार, आहे हे मला ठाऊक होतं. हजेरीपटावर तिच्या नावापुढे मीच पेन्सिलीने ‘एसएस’ लिहून ठेवलं होतं, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही सिकलचा जनुक आलेला. त्या दोन अक्षरांचा माझ्या लेखी अर्थ एवढाच : हाडं फुटतात, म्हणजे फार दुखतात, म्हणाली की घरी पाठवायचं, उन्हात पळवायचं नाही, आयर्नची गुलाबी गोळी सगळ्यांसारखी द्यायची नाही. आशाताईंनी इतकंच सांगितलं होतं आणि त्यांनाही प्रशिक्षणात बहुधा तितकंच सांगितलेलं असावं. या आजारात लहान मुलाच्या मेंदूला इजा होते, हे मला तोवर कोणीही सांगितलेलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली होती. परिपाठाच्या वेळी तिच्या उजव्या हातातून पाण्याची बाटली पडली. तिने उचलली, परत पडली. तिसऱ्यांदा ती वाकली आणि वाकल्यावर उठलीच नाही. मी धावत गेले तर तोंड एका बाजूला ओढलेलं. ‘मॅडम’ म्हणायचा प्रयत्न करत होती, ‘म… म…’ च्या पुढे जाईना. डोळे मात्र पूर्ण जागे. आपल्याला काय होतंय हे तिला कळत होतं, आणि तेच बघवत नव्हतं.

आई कापणीला गेलेली. आजी आली, तिने बघितल्याबरोबर ओळखलं. “वारं गेलं वो पोरीच्या अंगावरून. इतल्याशा पोरीले कसा काय लकवा मारते?” आजीचं निदान अचूक होतं. पुढे ज्या पहिल्या दवाखान्यात नेलं (त्याचं नाव लिहीत नाही, कारण कोणत्याही दवाखान्यात हेच घडलं असतं) तिथे सांगण्यात आलं की एवढ्या लहान वयात पॅरालिसिस होत नसतो; फिट आली असेल, रक्त कमी आहे, अशक्तपणा आहे. सलाइन लावलं. आईने पिशवीतून सिकलसेलचं कार्ड काढून दाखवलं, ते बघून परत दिलं गेलं. दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. घरी कोणी तेल चोळायला सांगितलं, कोणी कबुतराचं रक्त. नागपूरला पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला होता.

नागपूरला एमआरआय झाला. मेंदूच्या डाव्या बाजूला ताजा घाव होता. तो दाखवून झाल्यावर डॉक्टरांनी पेनाच्या टोकाने आणखी दोन ठिकाणं दाखवली, तांदळाच्या दाण्याएवढी. “हे जुने आहेत,” त्या म्हणाल्या. “काही महिन्यांपूर्वीचे असतील. शाळेत काही फरक जाणवला होता का?”

आईने माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार होते?

महोदय, त्या दोन दाण्यांना वैद्यकात ‘सायलेंट इन्फार्क्ट’ म्हणतात, मूक घाव. हात लुळा पडत नाही, तोंड वाकडं होत नाही; मेंदूच्या छोट्याशा भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो भाग मरतो. बाहेरून दिसतं ते इतकंच की मूल विसरायला लागलं, रेंगाळायला लागलं, अक्षर बिघडलं. परदेशातल्या अभ्यासांत एसएस मुलांपैकी साधारण चौथ्या हिश्श्याच्या मेंदूत सहाव्या वर्षापर्यंतच असे डाग सापडले आहेत आणि अठराव्या वर्षापर्यंत ते प्रमाण तिसऱ्या हिश्श्याच्याही वर जातं. उघड पक्षाघाताचा आकडा अमेरिकेतला आहे, १९९८ साली छापलेला : प्रतिबंधाची काही सोय नसेल तर विसाव्या वर्षापर्यंत शंभरातल्या सुमारे अकरा जणांना. त्यातही पहिल्या दहा वर्षांतला धोका मोठा. म्हणजे ज्या वयात मूल अंगणवाडीत आणि माझ्या वर्गात असतं, नेमकं त्याच वयात.

कारण मला नंतर समजावून सांगण्यात आलं, ते मी माझ्या भाषेत सांगते. आमच्याकडे एका बांधीतून (धानाच्या खाचरातून) दुसऱ्या बांधीत पाणी जायला पाराला, म्हणजे मधल्या बांधाला, वाट ठेवतात. ती वाट गाळाने अरुंद झाली की तिथून पाणी सूं करून सुटतं आणि पुढच्या बांधीला मात्र कमी पडतं. विळ्यासारख्या वाकड्या झालेल्या पेशी मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीचं अस्तर वर्षानुवर्षं खरवडत राहतात. वाहिनी आतून जाड होते, वाट अरुंद होते, रक्ताचा वेग वाढतो. त्यात अंगात रक्त मुळातच कमी, म्हणून हृदय ते आणखी जोराने ढकलतं. मग एखाद्या दिवशी वाट बुजते.

आता या पत्राचा मुद्दा. तो वाढलेला वेग आधीच मोजता येतो.

तपासणीचं नाव ट्रान्सक्रेनियल डॉपलर, डॉक्टर लोक ‘टीसीडी’ म्हणतात. कानशिलावर थोडी जेल लावायची आणि सोनोग्राफीसारखा प्रोब टेकवायचा. सुई नाही, भूल नाही, किरणोत्सर्ग नाही. मूल जागं आणि शांत हवं, अर्ध्या तासात काम होतं. वेग सेकंदाला १७० सेंटिमीटरच्या आत असेल तर वर्षभराने परत या. १७० ते १९९ असेल तर लवकर परत बघायचं. २०० किंवा त्याहून जास्त असेल तर त्या मुलाला पक्षाघाताचा धोका मोठा, उपचार आजच सुरू करायचा. दोन वर्षांपासून सोळा वर्षांपर्यंत प्रत्येक एसएस मुलाची ही तपासणी वर्षातून एकदा व्हावी, असं जगभरच्या तज्ज्ञांचं म्हणणं आहे.

आणि उपचाराने काय होतं? अमेरिकेत ‘स्टॉप’ नावाची चाचणी झाली, तिचा निष्कर्ष १९९८ सालचा. वेग २०० च्या वर गेलेल्या मुलांपैकी ज्यांना नियमित रक्त लावलं, त्यांच्यातला पक्षाघाताचा धोका नव्वद टक्क्यांहून अधिक कमी झाला. फरक इतका ठळक होता की चाचणी वेळेआधीच थांबवावी लागली. ज्या मुलीच्या वह्या माझ्या खणात आहेत, तिच्या जन्माच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

विदर्भात सिकलसेल आहे हे तर त्याच्याही आधीपासून माहीत आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापलं. तेव्हापासून तपासण्या झाल्या, शिबिरं झाली, आता राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला ते सुरू झालं : ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन. आमच्या गावात पथक आलं, बोटातून रक्त घेतलं, कार्डं वाटली. चांगलं काम झालं, मी स्वतः यादी करायला बसले होते. पण त्या दिवसापासून बघतेय, सगळा भर कार्डावर आणि कार्डाचा भर लग्नावर. वाहकाने (ज्याच्यात सिकलचा एकच जनुक आहे त्याने) वाहकाशी लग्न करू नये, दोघांचं कार्ड जुळवून बघा, भिंतीवर हेच रंगवलेलं. ते बरोबरच आहे. फक्त त्या भिंतीखाली जे मूल आज बसलंय, त्याचं लग्न व्हायला अजून पंधरा वर्षं आहेत आणि त्याच्या डोक्यातली वाहिनी कदाचित याच वर्षी अरुंद होतेय. २०४७ साली माझी ही विद्यार्थिनी तिशी ओलांडलेली असेल. अभियान यशस्वी झालं तरी तिचा उजवा हात परत येणार नाही.

तुमचे अधिकारी एक उत्तर देतील, ते मला एकाने दिलेलं आहे. आपल्याकडचा सिकलसेल ‘अरब-भारतीय’ प्रकारचा, त्यात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिन एफ, जास्त टिकतं, म्हणून आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य. तिकडचे आकडे इकडे लावू नका. पहिला भाग खरा आहे. एफ जास्त असलं की त्रास कमी, आणि काही मुलं खरोखरच सौम्य आजारावर निभावून नेतात. पण नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनी आपल्याच भागातल्या मुलांवर जे लिहून ठेवलंय, त्यात दुखण्याचे तीव्र झटके, वारंवार रक्त लावावं लागणं, पक्षाघात, सगळं आहे. सौम्य म्हणजे कोणाला सौम्य, हे मुलागणिक बघायला नको का? आणि ते बघायचं साधन तर हीच तपासणी आहे. आजार सौम्य म्हणून तपासायचं नाही, आणि तपासलं नाही म्हणून आजार सौम्य.

यंत्र महाग आहे म्हणाल, तर जिल्हा रुग्णालयात कलर डॉपलरचं सोनोग्राफी मशीन आहेच. हृदयासाठी वापरतात तसा कमी फ्रिक्वेन्सीचा प्रोब लावून त्याच्यावरही ही तपासणी होते. आकड्यांच्या मर्यादा थोड्या खाली धराव्या लागतात, एवढंच. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याने सोनोग्राफीचं मशीन जागच्या जागी नोंदलेलं असतं, ते उचलून गावोगाव फिरवता येत नाही, हेही मला कळतं. मुलींच्या बाजूचा तो कायदा आहे, तो सैल करा असं एक शिक्षिका म्हणणार नाही. मशीन गावात येत नसेल तर मुलं मशीनकडे न्या. चंद्रपूर, गोंदिया, गडचिरोलीला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं झाली आहेत. महिन्यातले दोन ठरलेले दिवस आणि ती मोजणी शिकलेला एक माणूस, इतकं प्रत्येक जिल्ह्याला लागेल. नेण्याची तजवीज म्हणाल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी दरवर्षी आमच्या शाळेत येते आणि अंगणवाडीत दोनदा. ते पथक दात बघतं, डोळे बघतं, वजन घेतं. एसएस मुलांची यादी त्यांच्या हातात द्या आणि तारखेला त्यांच्याच गाडीतून मुलं जाऊ द्या. एसटीचा पास असतो हो, पण सकाळची एकच गाडी आणि ती चुकली की मजुरीचा दिवस गेला. रोवणीच्या आणि कापणीच्या दिवसांत ज्या तारखा द्याल त्या कागदावरच राहतील, हे आत्ताच सांगून ठेवते.

वेग जास्त निघाला तर पुढे काय, हा खरा कठीण प्रश्न आहे. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लावणं हा पक्का उपाय, पण तो आमच्याकडे कसा निभतो हे मी आता जवळून बघते. मुलगी महिन्यातून एकदा जाते. सिकल हिमोग्लोबिनचं प्रमाण ३० टक्क्यांच्या खाली ठेवायचं, असं डॉक्टर सांगतात. मे महिन्यात रक्तकेंद्रात रक्त नसतं, कॉलेजांना सुट्ट्या, शिबिरं बंद. त्याच महिन्यात आईचा तेंदूपत्त्याचा हंगाम, वर्षातली रोख कमाई. गेल्या मे महिन्यात ती दोनदा परत आली, रक्त नाही म्हणून. इतकं रक्त चढलं की अंगात लोह साठतं, त्याच्या गोळ्या वेगळ्या. आणि थांबवता येत नाही; मध्येच थांबवलं तर धोका परत वाढतो, तेही २००५ च्या दुसऱ्या ‘स्टॉप’ चाचणीत दिसलं आहे. एकदा पक्षाघात होऊन गेलेल्या मुलाला काहीच उपचार मिळाले नाहीत, तर बहुतेकांना तो पुन्हा होतो.

म्हणून हायड्रॉक्सीयुरिया. हे औषध अंगातलं हिमोग्लोबिन एफ वाढवतं. महिन्याला रक्त मिळणं जिथे अशक्य, अशा उत्तर नायजेरियात वेग वाढलेल्या मुलांना हेच दिलं गेलं. २०२२ साली त्याचे निष्कर्ष आले : किलोमागे १० मिलिग्रॅमच्या कमी मात्रेवरही पक्षाघात अपेक्षेपेक्षा फार कमी झाले, दुप्पट मात्रेच्या आणि या मात्रेच्या मुलांत त्या बाबतीत फरक दिसला नाही. दहा मिलिग्रॅमची मात्रा नागपूरला अनोळखी नाही. दुखण्याचे झटके कमी व्हावेत म्हणून तिथल्या मुलांना ती देऊन बघितलेली आहे आणि त्याचे निबंधही छापून आलेले आहेत.

पण गोळी-कॅप्सूलची गोष्ट ऐका. मिळते ती ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल. मूल चौदा किलोचं. कागदावर लिहून देतात, एक दिवसाआड. तीन वर्षांचं पोर कॅप्सूल गिळत नाही. मग आई चुलीपुढे बसून नखाने कॅप्सूल उघडते, भुकटी वाटीत झटकते, चमच्याने ढवळते, अंदाजाने पाजते, आणि उरलेलं हातानेच धुऊन टाकते. हे औषध कर्करोगालाही वापरतात. ती भुकटी उघड्या हाताने हाताळू नये. तिला कोणी सांगितलं नाही. मी सांगितलं तर म्हणाली, “मंग पाजू कशी मॅडम, तुमीच सांगा.” मुलांसाठी पातळ औषध देशात तयार होऊ लागलंय. ते प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात कधी दिसेल? आणि औषध सुरू असताना पांढऱ्या पेशी, प्लेटलेट मोजत राहाव्या लागतात, ती सीबीसीची सोय त्याच केंद्रात हवी; औषध इथे आणि रक्ततपासणी तालुक्याला, असं झालं की दोन्ही सुटतात.

शिक्षण खात्याशी तुम्ही बोलावं, अशीही विनंती आहे, कारण हा आजार आधी आमच्या हाताखाली येतो. एसएस मूल सारखं पाणी मागतं, सारखं लघवीला जातं. त्याची किडनी पाणी धरून ठेवत नाही. वर्गात आम्ही म्हणतो, बहाणे करू नको. मी म्हटलंय. पाणी तुटलं की पेशी जास्त वाकड्या होतात, हे आम्हाला डी.एड.ला कोणी शिकवलं? अक्षर अचानक बिघडणं, आलेलं गणित जाणं, एक हात कमी वापरणं, मध्येच काही क्षण बोलता न येणं, सतत डोकं दुखणं, असं एसएस मुलात दिसलं तर शेरा लिहायच्या आधी फोन करावा, हे एका पानावर छापून प्रत्येक शाळेच्या कार्यालयात लावा. तोंड वाकडं, हात लुळा असेल तर त्याच तासात १०८. आणि ती गाडी कुठे जाईल तेही ठरवून ठेवा. जिथे रक्त लावायची सोय आहे आणि ‘इतक्या लहान वयात होत नसतं’ असं म्हणणारं कोणी नाही, अशाच ठिकाणी ती गेली पाहिजे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, सिकलसेल त्यातला एक. लाभासाठी मात्र किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. लुळा हात टक्क्यांत बसतो. तांदळाच्या दाण्याएवढे दोन डाग आणि त्यामुळे गेलेली वजाबाकी कितव्या टक्क्यात धरायची, हे एकदा तुमच्या मंडळाला विचारून बघा.

मुलगी आता शाळेत येते. बोलणं बरंचसं परतलंय, फक्त घाईत शब्द अडतो. डाव्या हाताने लिहायला शिकतेय. तिच्या नव्या वहीत मी शेरे लिहीत नाही. परवा तिने ‘पाऊस’ बरोबर लिहिला, शिरोरेघ विसरली, मग बघून हसली आणि डाव्या हाताने ती हळूहळू ओढली. पूर्ण व्हायला बराच वेळ लागला. वर्गातल्या कुणीच घाई केली नाही.

तिला एक भाऊ आहे, अंगणवाडीत जातो. साडेतीन वर्षांचा, चौदा किलोचा. चुलीपुढची ती वाटी त्याचीच. त्याच्या कार्डावरही एसएस आहे. त्याच्या कानशिलाला अजून कोणी प्रोब लावलेला नाही. तपासणीची चौकशी मी तीन ठिकाणी केली, तिन्हीकडे ‘इथे होत नाही’ असं उत्तर आलं. आमच्या जिल्ह्यात ती कुठे होईल आणि कोणत्या तारखेला, तेवढं कळवावं. कापणी सोडून कोणतीही तारीख चालेल. त्याला घेऊन मी येईन.

आपली विश्वासू,
जिल्हा परिषद शाळेतली एक शिक्षिका